शिवी एक, तोंडं दोन

अमेरिकन स्टँड-अप कॉमेडीबद्दल एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. कृष्णवर्णीय कलाकाराने ‘एन-वर्ड’ म्हणून ओळखली जाणारी वंशवाचक शिवी उच्चारली की टाळ्या पडतात. गोऱ्याने उच्चारली की त्याचं काम जातं. ही दोन मापं कशासाठी? प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण या कलेचा गेल्या साठ वर्षांचा प्रवास पाहिला, तर दुटप्पीपणा जरूर सापडतो. फक्त तक्रार करणारे बोट दाखवतात तिथे तो नसतो.

सुरुवात लेनी ब्रूसपासून करावी लागते. साठच्या दशकाच्या आरंभी हा ज्यू कलाकार भर क्लबमध्ये कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन, आयरिश अशा सगळ्यांना दिल्या जाणाऱ्या शिव्या एकापाठोपाठ एक मोजत असे. शब्द दडपल्यामुळेच त्याला विष चढतं, तो इतक्यांदा उच्चारा की त्याचा अर्थच उरणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. 1964मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर खटला चालला, तो मात्र अश्लीलतेचा. लैंगिक शब्दांनी तिथल्या कायद्याच्या भावना दुखावल्या. वंशद्वेषी शब्दांचं कायद्याला सोयरसुतक नव्हतं. ब्रूसला माफी मिळाली ती 2003मध्ये, मृत्यूनंतर 37 वर्षांनी. त्याची आशा उदात्त होती, पण ती फळली नाही. रंगमंचावर, चित्रपटांत आणि रॅप संगीतात तो शब्द अगणित वेळा उच्चारला गेला, तरी त्याची धार गेली नाही.

या शब्दाशी खरी झुंज घेतली ती रिचर्ड प्रायर या कृष्णवर्णीय कलाकाराने. त्याचं काम समजून घ्यायचं तर 1975च्या डिसेंबरमध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमात झालेलं एक छोटं प्रहसन नीट पाहावं. सफाई कामगाराच्या जागेसाठी मुलाखत चालली आहे. मुलाखत घेणारा गोरा, चेव्ही चेस, उमेदवार प्रायर. खेळ असा, की एकाने शब्द टाकायचा आणि दुसऱ्याने मनात येईल तो शब्द सांगायचा. सुरुवात निरुपद्रवी शब्दांनी होते. मग गोरा माणूस शांत, कार्यालयीन आवाजात कृष्णवर्णीयांसाठीच्या शिव्या टाकू लागतो आणि प्रायर गोऱ्यांसाठीच्या शिव्यांनी उत्तर देतो. शिव्या चढत जातात, पण प्रायरचा साठा लवकरच संपतो. त्याला तीच शिवी पुन्हा, मग आणखी जोर लावून द्यावी लागते. शेवटी समोरून एन-वर्ड येतो आणि प्रायरकडे उत्तरादाखल उरते ती मारून टाकण्याची धमकी. त्याच्या चेहऱ्याचे स्नायू थडथडू लागतात. घाबरलेला मुलाखतकार नोकरी देऊन मोकळा होतो.

तो शब्द इथे गोऱ्या नटाच्या तोंडून येतो, तोही राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर. तरीही हे प्रहसन आजवर अभिमानाने दाखवलं जातं. ते लिहिलं होतं पॉल मूनी या कृष्णवर्णीय लेखकाने, आणि त्यातला विनोद बेतलेला आहे तो असमान शस्त्रांवर. गोऱ्या माणसाला तितक्याच खोल लागेल अशी शिवी भाषेत नाहीच, कारण तशा शिवीमागे गुलामगिरीचा आणि जमावाने दिलेल्या फाशांचा इतिहास लागतो. दोन मापं तयार केली ती त्या इतिहासाने. कलाकारांनी ती फक्त उघडी करून दाखवली.

शिवाय ज्यांना हा शब्द वापरण्याची ‘मुभा’ आहे असं म्हणतात, त्यांनीच तिची सर्वांत कठोर झडती घेतली आहे. प्रायरच्या 1974च्या ग्रॅमीविजेत्या अल्बमच्या शीर्षकातच तो शब्द होता. 1979मध्ये तो केनियाला जाऊन आला आणि यापुढे हा शब्द वापरणार नाही, असं त्याने 1982च्या ‘लाइव्ह ऑन द सनसेट स्ट्रिप’मध्ये प्रेक्षकांसमोर सांगितलं. क्रिस रॉकने 1996च्या ‘ब्रिंग द पेन’मध्ये आपल्याच समाजातल्या काहींवर कोरडे ओढताना तो शब्द वापरला आणि रॉक रातोरात गाजला. पण त्यातून वंशद्वेष्ट्यांना परवाना मिळाल्यासारखं वाटू लागलं, हे ध्यानात येताच त्याने तो भाग करणं थांबवलं. डेव्ह शॅपेल 2005मध्ये भरात असलेला कार्यक्रम सोडून निघून गेला. वंशावरच्या एका प्रहसनाच्या चित्रीकरणात एका गोऱ्या माणसाचं हसणं आपल्याला खटकलं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. आपल्या विनोदावर कोण आणि कशासाठी हसतंय याची इतकी चिंता करणाऱ्यांना सवलत लाटणारे कसं म्हणायचं?

नोव्हेंबर 2006मध्ये हॉलिवूडच्या लाफ फॅक्टरी क्लबमध्ये ‘साइनफेल्ड’फेम मायकल रिचर्ड्स व्यत्यय आणणाऱ्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांवर तोच शब्द ओरडत सुटला. हादरलेल्या मूनीने स्वतः तो शब्द टाकून दिला. क्लबने तो शब्द वापरण्यास सर्वांना सरसकट बंदी घातली आणि थोड्याच दिवसांत तिचा बडगा बसला तो डेमन वेयन्स या कृष्णवर्णीय कलाकारावर. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला: ‘सर्वांना एकच नियम’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

मग खरा दुटप्पीपणा कुठे आहे? एक तर, सगळ्या समाजांच्या जखमा सारख्या मोजल्या जात नाहीत. सारा सिल्व्हरमनने 2001मध्ये चिनी लोकांसाठीची शिवी दूरचित्रवाणीवर वापरली, तेव्हा वाहिनीने माफी मागितली. तिने स्वतः विनोदाच्या नावाखाली समर्थन केलं. 2016च्या ऑस्कर सोहळ्यात क्रिस रॉकने तीन आशियाई मुलांना मंचावर आणून त्यांच्या वंशावर विनोद केला, तेव्हा दिग्दर्शक आंग ली यांच्यासह अकादमीच्या 25 सदस्यांनी पत्र लिहून निषेध नोंदवला. तो निषेध योग्यच होता. स्वतः सोसलं म्हणून दुसऱ्याला हिणवण्याचा हक्क कोणालाच मिळत नाही.

दुसरं, शिक्षेचा गवगवा होतो, पुनरागमनाची चर्चा होत नाही. आशियाई लोकांविषयीच्या शिवराळ बोलण्यामुळे शेन गिलिसला 2019मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने काढलं, 2024मध्ये त्याच कार्यक्रमाच्या एका भागाचा तो सूत्रधार झाला. टोनी हिंचक्लिफने 2021मध्ये एका चिनी वंशाच्या कलाकाराला मंचावरून शिवी दिली. 2024मध्ये तो मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या ट्रम्प यांच्या सभेत प्वेर्तो रिकोला कचऱ्याचं बेट म्हणाला. ‘आता काहीच बोलता येत नाही’ या ओरडीला यापुढे काय आधार राहतो?

आपल्याला हा प्रश्न परका नाही. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन 1972मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि आज ‘ब्लू मटेरियल’ गटातले बीडच्या अंकुर तांगडेसारखे दलित कलाकार जातीच्या अनुभवावर स्टँड-अप करतात. 1989च्या अॅट्रॉसिटी कायद्यात जातिवाचक अपमानाचं कलम अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या व्यक्तीलाच लागू होतं. म्हणजे बोलणारा कोण हे आपला कायदाही पाहतो, आणि त्याला दुटप्पीपणा म्हणणं म्हणजे जातीचा इतिहास पुसून टाकणं होय.

तेव्हा माप दोन तोंडांना दोन असणारच. पण त्यावर समीक्षेने थांबू नये. तोंड कोणाचं हे पाहून झालं, की तो विनोद कोणाला तुडवून उभा राहिला आहे हेही तिने विचारलं पाहिजे. हा दुसरा प्रश्न गोऱ्यांना, कृष्णवर्णीयांना आणि आपल्यालाही सारखाच लागू आहे. तिथे कोणालाही सूट देता कामा नये.