दुसरी तबकडी

लंडनच्या ‘द क्लॅश’ या चौघांच्या वाद्यवृंदाची ‘गिव्ह एम इनफ रोप’ ही दुसरी तबकडी नोव्हेंबर 1978 मध्ये निघाली. तिच्याविषयी इतक्या वर्षांनी, आणि मॅट्रिकपुरते इंग्रजी जाणणाऱ्या माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराने लिहावे, हा आगाऊपणा वाटेल. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती मला मोबाइलवर ऐकवली. ऐकताना मला माझी दुसरी कादंबरी आठवली, आणि ती आठवण सुखाची नव्हती. म्हणून हे लिहीत आहे.

‘पंक’ हा शब्द वाचकांच्या कानावरून गेला असेल. 1976 च्या सुमारास लंडनमध्ये या प्रकाराला जोर चढला. गिटारवरचे तीनचार स्वरमेळ, धावती लय आणि गळा नसला तरी सांगायचे ते ओरडून सांगण्याची जिद्द, एवढ्या भांडवलावर ही पोरे उभी राहिली. क्लॅशची पहिली तबकडी 1977 च्या फेब्रुवारीत थोडक्या दिवसांत मुद्रित झाली. नॉटिंग हिलच्या 1976 च्या दंगलीवरून सुचलेले ‘व्हाइट रायट’ हे गाणे तीत आहे. काळ्यांनी दगड उचलला, मग गोऱ्या पोरांचे हात का बांधलेले, असा त्याचा रोख. शिवाय ज्युनियर मर्व्हिन या जमैकन गायकाचे ‘पोलिस अँड थीव्ह्ज’ हे गाणेही त्यांनी आपल्या ढंगात म्हटले होते. जमैका हे त्यांचे मनातले माहेर होते म्हणा ना.

ही तबकडी कंपनीने अमेरिकेत त्या वेळी काढलीच नाही. दुसरीच्या वेळी मात्र सँडी पर्लमन हा अमेरिकन निर्माता आला. मुद्रण लंडनमध्ये सुरू झाले आणि पुढचे संस्कार सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्क येथे झाले. इंग्लंडात ती खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. अमेरिकेत 128 व्या क्रमांकावर थांबली. आवाज फार घासूनपुसून लख्ख केला, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खोटा नाही. जो स्ट्रमरचा फाटका आवाज पुष्कळदा ढोलांच्या मागे उभा असल्यासारखा वाटतो. पण भांडे घासल्याने आतले अन्न बदलत नाही. आणि ते ढोल टॉपर हेडनचे आहेत, हे विसरून कसे चालेल? पहिल्या तबकडीनंतर आलेला हा वादक ‘टॉमी गन’मध्ये बंदुकीच्या फैरी काठ्यांनी वाजवून दाखवतो, आणि नुसत्या शब्दांना न साधलेली दहशत त्या गाण्यात येते.

माझा प्रश्न अन्नाविषयी आहे. पहिल्या कृतीत माणूस वीसपंचवीस वर्षांचे साठवलेले ओततो. दुसरीच्या वेळी कोठी रिकामी असते आणि दारात माणसे ताटे घेऊन उभी असतात. क्लॅशच्या बाबतीत गाणी लिहिण्यासाठी स्ट्रमर आणि मिक जोन्स यांची 1977 च्या अखेरीस किंग्स्टनला रवानगी झाली. ज्या जमैकाच्या गाण्यांवर हे दोघे पोसले, त्याच जमैकाच्या रस्त्यांवर त्यांची भीतीने गाळण उडाली. तबकडीचे पहिले गाणे ‘सेफ युरोपियन होम’ हे या फजितीचे आहे. कालपरवा दंगलीचे आवाहन करणारा गायक कबूल करतो की तिथे आपल्याला आपल्या कातडीचा रंग जाणवला, आणि आपण मुकाट्याने सुरक्षित घरी परतलो. गाणे मात्र असे सुसाट सुटते की जणू तो अजून पळतोच आहे. मर्ढेकरांनी लेखकाकडे जी आत्मनिष्ठा मागितली, ती मला या तीनचार मिनिटांत सापडते. हे सोपे नव्हते. स्ट्रमर हा परराष्ट्र खात्यातल्या नोकरदाराचा मुलगा. बाप जन्मला लखनौला, मुलगा अंकाराला, शिक्षण वसतिगृहाच्या शाळेत. रस्त्यावरच्या पोराचा अंगरखा त्याने हट्टाने चढवला होता, आणि या गाण्यात तो स्वतःच त्याची शिवण उसवतो.

पण याच तबकडीत ‘गन्स ऑन द रूफ’ही आहे. तिचे मूळ असे: 1978 च्या मार्चमध्ये हेडन आणि पॉल सिमनन यांनी कॅमडेनमधल्या तालमीच्या जागेच्या छतावरून छऱ्याच्या बंदुकीने कबुतरे मारली. ती शर्यतीची, कुणाची तरी पाळलेली निघाली. पोलीस आले, अटक झाली, दंड झाला. एवढीच गोष्ट. गाण्यात मात्र न्यायालयातल्या शपथेचा थाट येतो, जगभरचे जुलमी येतात, छळ येतो, शस्त्रे येतात. कबुतर तेवढे येत नाही! खरे सांगण्याची शपथ घेऊन सुरू झालेले हे गाणे तबकडीतले सर्वांत खोटे गाणे आहे. मेलेल्या पाखरात आणि त्याच्या मालकाच्या चेहऱ्यात जी गोष्ट होती, तिची त्यांना लाज वाटली असावी. वेष्टनावरही तोच सोस: गिधाडे टोचत असलेला अमेरिकन गुराख्याचा मुडदा आणि चिनी घोडेस्वार, तेही भडक रंगांत. सातवीची मुले असे चित्र काढतात तेव्हा मी त्यांना खिडकीतून दिसणारे झाड काढायला सांगतो.

मला हे अधिकाराने सांगता येते, कारण मीही कबुतरे लपवली आहेत. पूर्वी मी एका शाळेत होतो, तेव्हा शिक्षकांचा संप झाला. घोषणा देणाऱ्यांत मी पुढे होतो. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराने जाऊन हजेरीपटावर सही करून आलो. बायको बाळंतीण होती, पगार हवा होता. पुढे दुसरी कादंबरी लिहिली ती या संपावरून. चारशे पाने. नायक गोळीबारात मरतो. मी गोळीबार कधी पाहिलेला नाही. मागचे दार, शिपायाने नजर वळवणे, सही करताना शाईने बरबटलेले बोट, यांतले एक अक्षर त्या चारशे पानांत नाही. पहिल्या कादंबरीवर पत्रे लिहिणाऱ्यांनी तिच्यावर लिहिले नाही. त्यांचे काय चुकले?

‘ड्रग-स्टॅबिंग टाइम’ आणि ‘चीपस्केट्स’ नसती तरी काही बिघडले नसते. ‘इंग्लिश सिव्हिल वॉर’ची चाल अमेरिकन यादवीच्या काळातली, स्ट्रमरने शाळेत शिकलेली, शाळेत घोकलेले कुठे उगवेल सांगता येत नाही, एवढे आम्हा मास्तरांचे समाधान.

राहता राहिले ‘स्टे फ्री’. ते जोन्स गातो, ओरडत नाही. शाळेतल्या एका दांडगट मित्राची हकीकत: वर्गाबाहेर काढले जाणे, नाच, दारू, मग त्याला झालेली कैद आणि सुटका. इथे क्रांती नाही, की कुणावर फैसला नाही. मित्र गुत्त्यात बसून पुढचे बेत आखत असताना आपण खोलीत रोज सराव करत होतो, एवढा एक विषाद आहे. शेवटी शब्द थांबतात, पण गिटार थांबत नाही. बोलायचे संपल्यावरही दोन मित्र नाक्यावर उभे राहतात तशी ती रेंगाळते. माझा तो विद्यार्थी हे गाणे ऐकवताना रस्त्याकडे बघत होता. त्याच्या बाकावर शेजारी कोण बसत असे, ते मला आठवले. मी विचारले नाही. त्याने ते गाणे पुन्हा लावले.