दगान्या : एका गावाची जन्मकथा

गाव वसविणाराने स्वतःच त्या गावाचा इतिहास लिहावयास घेतला, म्हणजे वाचकाने थोडे सावध राहावे हे बरे. कारण आरंभीचे कष्ट कालांतराने नको तितके उदात्त दिसू लागतात. योसेफ बारात्झ यांचे ‘अ व्हिलेज बाय द जॉर्डन’ हे १९५४ चे इंग्रजी पुस्तक या दोषापासून बऱ्याच अंशी मुक्त आहे, हा त्याचा पहिला गुण होय.

तुर्की अंमलाखालील पॅलेस्टाइनात, गालील सरोवराच्या दक्षिण टोकास, दगान्या हा पहिला किबुत्झ, म्हणजे सामुदायिक शेतीचे गाव, वसला. १९०९ साली किनेरेत येथील शेतीवर मजुरांचा व्यवस्थापकाशी बेबनाव होऊन संप झाला. तेव्हा याफा येथील ज्यू वसाहत-कचेरीचे प्रमुख आर्थर रुपिन यांनी शेजारची उम्म जुनीची जमीन एका लहानशा तुकडीस मुकादमावाचून कसावयास दिली. ऑक्टोबर १९१० मध्ये तिची जागा दहा पुरुष व दोन स्त्रियांनी घेतली, बारात्झ त्यांपैकीच. म्हणजे या गावाचा पाया तत्त्वज्ञानापेक्षा मुकादमाच्या तिटकाऱ्यानेच अधिक घातला!

तत्त्वे मागाहून आली, तीही एकेका अडचणीच्या पोटी. पाच वर्षे लग्न करावयाचे नाही, असा या मंडळींचा निश्चय होता. तो प्रथम मोडला खुद्द बारात्झ दांपत्याने. पत्नी मिर्यम यांनी चुलीपाशी अडकून न पडता गोठ्याचे काम हट्टाने मिळविले. १९१३ साली त्यांना मुलगा झाला, आणि मूल सांभाळणे हे आईचे काम की साऱ्या गावाचे, हा प्रश्न उभा राहिला. अशा प्रश्नांची उत्तरे शोधता शोधताच गावाची घटना बनली. पुस्तकाचा प्राण येथे आहे.

२००७ साली दगान्याच्या सभासदांनी समान वाटणी सोडून कामाप्रमाणे वेतन स्वीकारले. एवढ्यावरून प्रयोग फसला असे आम्हांस वाटत नाही. गरजेतून जन्मलेले नियम गरजेबरोबर बदलावयाचेच.

पुस्तकाची खरी उणीव निराळी आहे. उम्म जुनी हे ओसाड माळरान नव्हते. ते अरबांचे खेडे होते, आणि ती जमीन ज्यू राष्ट्रीय निधीने विकत घेण्यापूर्वीही कसली जात होती. त्या कसणारांच्या दृष्टीने याच कथेचा आरंभ शेवटासारखा दिसेल. श्रमाच्या न्यायाविषयी इतक्या बारकाईने विचार करणाऱ्या ग्रंथकाराकडून या बाजूचीही तितकीच कसून चिकित्सा व्हावयास हवी होती.