सत्याचे नाव आणि चोराचे नाटक

कलावंतांच्या मंडळीवर नावापायी येणारी संकटे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार मालकीचा. अमेरिकेतील 'ब्लॅक फ्लॅग' ह्या हार्डकोर पंक संगीतमंडळीतले काही जुने गायक-वादक २०१३ साली 'फ्लॅग' ह्या नावाने एकत्र आले. तेव्हा मूळ मंडळीचे संस्थापक ग्रेग गिन यांच्या बाजूने नाव आणि चार काळ्या पट्ट्यांचे चिन्ह ह्यांवरून दावा लावण्यात आला. न्यायालयाने तूर्तातूर्त मनाईहुकूम देण्याचे नाकारले. तंटा होता तो पाटी कोणाची एवढ्यापुरताच. दुसऱ्या प्रकारात नावाच्या मालकीला महत्त्व नसते. त्याची अब्रू कोणी आणि कशी सांभाळावी, हा प्रश्न असतो. रायपुरात २००९ साली 'चरणदास चोर' ह्या नाटकाच्या पुस्तकावरून उद्भवलेला वाद ह्या दुसऱ्या प्रकारचा होय.

हबीब तनवीर हे रायपूरचेच, जन्म १९२३चा. १९५८ साली त्यांनी छत्तीसगढच्या नाचा परंपरेतील सहा कलावंत दिल्लीस नेऊन 'मिट्टी की गाडी' बसविले आणि १९५९ साली 'नया थिएटर' स्थापिले. पुढे १९७३ साली रायपुरात भरलेल्या शिबिरातून निरनिराळ्या नाचा पार्ट्यांचे गुणी नट ह्या मंडळीशी जोडले गेले. आपल्याकडील दहा फडांतले निवडक सोंगाडे एका फडात यावेत, तसाच हा प्रकार. ह्याच मंडळीने 'चरणदास चोर' १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात नेले आणि तेथील 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार मिळविला.

नाटकाचे बीज विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेत आहे. चोर थट्टेने चार प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राज्य स्वीकारणार नाही, राणीशी लग्न करणार नाही. ह्यांतली एकही गोष्ट चोराच्या वाट्यास येण्याजोगी नसल्याने त्यास प्रतिज्ञा स्वस्त वाटतात. गुरू पाचवी घालून देतो, ती खरे बोलण्याची. पुढे चारही गोष्टी खरोखरच समोर येऊन उभ्या राहतात, आणि शब्द न मोडल्यामुळे चोर मारला जातो. तनवीरांनी ह्या कथेत सतनामी पंथाची पंथी गीते आणि पंथी नृत्य ओवले. गुरू घासीदासांच्या ह्या पंथात सत्यनाम हेच उपास्य. १९७४च्या सुमारास भिलाईत नाटक आकारास येत होते, तेव्हा ते मोकळ्या मैदानात सतनामी प्रेक्षकांसमोरच झाले होते.

तनवीर ८ जून २००९ रोजी निवर्तले. त्याच वर्षीच्या ऑगस्टात छत्तीसगढ शासनाने ह्या नाटकाच्या पुस्तकावर बंदी घातली. पुस्तकातील काही उल्लेखांनी समाजाचा अवमान होतो, अशी सतनामी गुरूंची तक्रार होती. ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेणार नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इतरांच्या तोंडून आपले नाव तुच्छतेने उच्चारलेले ऐकले, तो छापील शब्दाकडे संशयाने पाहणारच. शिवाय रंगमंचावरील शब्दाला नटाचा सूर आणि प्रेक्षकांची दाद सावरून घेते. शाळेतल्या मुलाच्या हाती पडलेल्या पानाला ती सोय नाही.

परंतु नावाचा वापर कलेत उचित झाला की नाही, ह्याची कसोटी कोणती? आम्हांस वाटते, ते नाव वगळून पाहावे आणि कृतीचे काय उरते ते तपासावे. 'घाशीराम कोतवाल'चे उदाहरण मराठी वाचकांस परिचयाचे आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रयोग झाला, नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठले आणि १९ प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने नाटक थांबविले. तेथे नानांचे नाव काढले, तर पुण्याची स्मृती जाईल खरी. पण सत्ता आपला राक्षस स्वतःच घडविते आणि स्वतःच मारते, हे सूत्र टिकेल. म्हणून आक्षेपकांशी तेंडुलकरांच्या बाजूने वाद घालणे तितके सोपे नाही. 'चरणदास'मधून मात्र सत्यनाम काढले, तर उरते ती एका हट्टी चोराची चतुर गोष्ट. त्याच्या मरणाला जे गांभीर्य येते, ते पंथी गीतांनी आधीच सत्याची महती गाऊन ठेवल्यामुळे. सत्याची परीक्षा साधूऐवजी चोराच्या हातून व्हावी, ह्यात पंथाची अवहेलना आम्हांस दिसत नाही. उलट सर्वांत खालच्या माणसालाही सत्याचा अधिकार आहे, हे पंथाचेच म्हणणे तेथे सिद्ध होते.

दोन्ही प्रसंगांतील आणखी एक भेद ध्यानी घ्यावा. पुण्यात प्रयोग थांबविला तो संस्थेनेच. ज्यांना तो मान्य नव्हता त्यांनी १९७३ साली थिएटर ॲकॅडमी काढली आणि जानेवारी १९७४मध्ये नाटक पुन्हा उभे केले. भांडण कलावंत आणि प्रेक्षक यांच्यातच राहिले. रायपुरात ते शासनाच्या हुकमाने मिटविण्याचा यत्न झाला, आणि उत्तर देणारा लेखक तर दोन महिन्यांपूर्वीच गेलेला.

आपल्यापैकी बहुतेकांचा जन्म टिपणे आणि मसुदे लिहिण्यात जातो. हुकूम काय करू शकतो हे आपणांस ठाऊक आहे: तो पुस्तक कपाटातून उचलू शकतो, पण ते वाचण्याचे काम करू शकत नाही. आक्षेपाचे उल्लेख कोणते, ते नाटकात कोणाच्या तोंडी आणि कशासाठी येतात, तळटीप वा नवी प्रस्तावना पुरेशी होईल काय, हे प्रश्न सतनामी जाणकार, नट आणि समीक्षक यांनी एकत्र बसून सोडवावयाचे होते. सत्याचे नाव घेणाऱ्या पंथाला आणि सत्यासाठी मरणाऱ्या चोराला समोरासमोर बोलू देणे अवघड नव्हते; भिलाईच्या मैदानात ते एकदा घडलेही होते.