चित्रपटाची शाळा आणि झाडीपट्टीतला विद्यार्थी

गेल्या उन्हाळ्यात, तेंदूपानांचा हंगाम चालू असताना, एक मुलगा तीन माहितीपुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. नुकताच बी. ए. झालेला. पदवी गोंडवाना विद्यापीठाची. दिवाळीपासून होळीपर्यंत तो वडशाच्या एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडतो, दिव्यांच्या बटनांपाशी बसतो. त्याची आई पहाटे जंगलात पाने तोडायला जाते. पुस्तिका माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, "सर, मले पिच्चर बनवाचं शिकाचं आहे. यातलं कोनतं कॉलेज धरू, तुमीच सांगा."

मी साहित्याचा मास्तर. कविता तपासावी तशा मी त्या पुस्तिका तपासल्या, कारण पुस्तिका हेही लेखनच आहे आणि त्यालाही वर्ग असतो, जात असते. काचेची इमारत, कानाला यंत्र लावून हसणारी गोरी मुलगी, परदेशी कॅमेरा. 'स्वप्न' हा शब्द प्रत्येक पानावर. पण या शाळेतून शिकून गेलेल्या मुलांनी कोणते चित्रपट केले, त्याबद्दल तिन्ही पुस्तिकांत एक ओळ नाही. ज्या कवितासंग्रहात नुसती मलपृष्ठावरची स्तुती आहे आणि आत कविताच नाही, तो आपण विकत घेऊ काय?

हे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. काही वर्षांपूर्वी असाच प्रश्न घेऊन आमच्याच वस्तीतली एक मुलगी आली होती. तेव्हा मी पुस्तिका पाहून भाळलो. मोठ्या शहरातल्या एका खाजगी संस्थेत जा, असे मीच सांगितले. बापाने दोन एकर धानाची जमीन विकली. यंत्रे पुस्तिकेत होती. प्रत्यक्षात वीस मुलांमागे एक कॅमेरा आणि तोही बहुधा कुलुपात. पुढे कळले की तो अभ्यासक्रम कोणत्याच विद्यापीठाला जोडलेला नव्हता, म्हणून शिष्यवृत्तीचा अर्जही चालला नाही. आज ती चंद्रपुरात लग्नांचे चित्रीकरण करते. त्या कामाला मी कमी लेखत नाही. दर ऑक्टोबरात ती चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जाते आणि १९५६ साली १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली तिथे जमलेल्या म्हाताऱ्या बायांचे चेहरे टिपते. पण ती दोन एकर जमीन गेली ती माझ्या सल्ल्याने, आणि तिचा बाप रस्त्यात भेटला की मला 'जय भीम' घालताना आजही खाली पाहतो. खाली मी पाहायला हवे.

चित्रपट शिकायचा कशासाठी, हे आधी ठरवले पाहिजे. आमच्या या दोन जिल्ह्यांकडे कॅमेरा पुष्कळदा आला आहे. ताडोबाच्या वाघाला तर त्याची सवयच झाली आहे. माणसांकडेही तो आला, पण कुणाच्या खांद्यावर बसून? हेमलकशाच्या कामावरचा 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रियल हिरो' हा चित्रपट २०१४ साली निघाला. त्या कार्याबद्दल मला आदरच आहे. पण चित्रपट म्हणून पाहताना माडिया माणूस मला दोनच जागी दिसतो, रुग्णाच्या खाटेवर नाहीतर गर्दीत. त्याला दुखणे आहे, मत नाही. गोविंद निहलानींच्या 'आक्रोश'मध्ये (१९८०) लहान्या भिकू हा आदिवासी जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर गप्प आहे. ओम पुरींनी ते मौन असे उभे केले की अंगावर काटा यावा. परंतु कथा पुढे सरकते ती भास्कर कुलकर्णी या तरुण वकिलाच्या सदसद्विवेकाच्या चाकांवर. निहलानी-तेंडुलकरांचा हेतू प्रामाणिक होता आणि ते मौन हाच आरोप होता, हे मी मान्य करतो. माझी तक्रार पुढच्या काळाविषयी आहे. आरोप म्हणून आलेले मौन पुढे सोय झाली. न बोलणारा आदिवासी आणि त्याच्यासाठी तळमळणारा सुशिक्षित, हा साचाच बनला. अमित मसुरकरांच्या 'न्यूटन'मध्ये (२०१७) मलको ही स्थानिक शिक्षिका बोलते, बाहेरच्या माणसाला चार गोष्टी सुनावतेसुद्धा. हे पुढचे पाऊल खरे. तरीही जंगल आपण पाहतो ते न्यूटनच्याच डोळ्यांनी. मलकोने चित्रपट काढला असता तर तो कोणत्या दृश्यापासून सुरू झाला असता?

म्हणून शाळेची निवड हा नोकरीपुरता प्रश्न नाही. आपले पाहणे कुणाच्या हवाली करायचे, असा तो प्रश्न आहे.

आता पुणे. १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आलेल्या 'प्रभात'च्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण सुरू केले. ऋत्विक घटकांनी तिथे शिकवले. मणि कौल, कुमार शहानी तिथे घडले. जवळच १९६४ पासून चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय उभे राहिले, पी. के. नायरांनी एकेक रीळ जमवून ते वाढवले. ही संपत्ती जनतेच्या पैशाची आहे. तिच्यावर आपला हक्क आहे, तिथे राखीव जागा आहेत, आणि 'ते आपले नाही' म्हणून पाठ फिरवणे म्हणजे भरलेले तळे दुसऱ्यासाठी सोडून देणे होय. महाडचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी ते करू नये.

पण तळ्यावर जाताना डोळे उघडे हवेत. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते. बारावीच्या मुलांना हे कुणी सांगत नाही. प्रवेशपरीक्षेत आणि मुलाखतीत जगभरच्या चित्रपटांची ओळख गृहीत असते. ती पुण्या-मुंबईच्या मुलाला घरबसल्या मिळते. कुरखेड्याच्या मुलाने ती कुठून आणावी? २०१५ साली अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध तिथले विद्यार्थी १३९ दिवस संपावर होते. २०१९ च्या डिसेंबरात फीवाढीविरुद्ध उपोषणाला बसले. त्या संपातली विद्यार्थिनी पायल कपाडिया यांनी पुढे 'अ नाइट ऑफ नोइंग नथिंग' (२०२१) काढला. त्यात संस्थेतल्याच एका मुलीची पत्रे आहेत, आणि तिचे प्रेम तुटते ते जातीमुळे. म्हणजे जात त्या झाडाखालीही बसलेली आहे. हे त्या संस्थेच्याच लेकीने सांगितले ते बरे झाले, आम्ही सांगितले असते तर आमचा न्यूनगंड म्हटला गेला असता.

पुण्याबाहेर वाट नाही असेही नाही. नागराज मंजुळे अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) महाविद्यालयात संज्ञापन शिकले. 'पिस्तुल्या' (२००९) त्या अभ्यासाचा भाग म्हणूनच झाला आणि राष्ट्रीय पुरस्कार घेऊन आला. 'फँड्री'च्या (२०१३) शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्यावर, प्रेक्षकावर येतो. हा दगड कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात? दगड जेऊरचाच होता. शाळेने दिला तो कॅमेरा, वेळ, आणि 'तुझ्याच गावचे कर' अशी मोकळीक. शाळेकडून याहून जास्त मागू नये, आणि याहून कमीही घेऊ नये. मात्र मंजुळेंचे नाव घेऊन प्रत्येक पोराला जमीन विकायला लावणाऱ्यांपासून सावध राहावे. अपवादाला नियम म्हणून विकणे हाही धंदा झाला आहे.

उलट बाजूही आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मधला (२०१४) शाहीर नारायण कांबळे साकारला तो नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी. अभिनयाच्या कोणत्याही शाळेत ते गेले नव्हते. त्यांची शाळा होती चळवळ. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने त्यांना नेले. पडद्यावर त्यांचा आवाज लागतो तेव्हा दिग्दर्शक कॅमेरा हलवीत नाही. त्याला ऐकणे कळले होते.

ऐकण्यावरून झाडीपट्टीकडे येतो. आमच्या मुलाने एक शाळा आधीच केलेली आहे, पण पुस्तिका भरताना तो 'अनुभव : नाही' असे लिहितो. चार हंगाम रात्र-रात्र चालणाऱ्या नाटकांना त्याने प्रकाश दिला आहे. थंडीत हजारो माणसे जमिनीवर बसून राहतात, ती कोणत्या प्रवेशाला उठतात आणि कोणत्या लावणीला परत येतात, हे त्याला पाठ आहे. दंडार, खडी गंमत त्याने लहानपणी पाहिली. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी ठाऊक झाली. या मुलाला ती पगारपत्रकासकट ठाऊक आहे. या रंगभूमीचाही गौरव डोळे मिटून करू नये. तिच्यातले विनोद पुष्कळदा बाईच्या अंगावर आणि गरिबाच्या बोलीवर चालतात. पण प्रेक्षक म्हणजे कोण, हे तिने त्याला शिकवले आहे, आणि तेच कोणत्याही काचेच्या इमारतीत शिकवत नाहीत.

मी त्याला उत्तर दिले नाही, प्रश्न दिले. संस्था विद्यापीठाला जोडलेली आहे काय? नसेल तर शिष्यवृत्ती आणि शुल्कमाफी विसरावी. प्रवेश केंद्रीय फेरीतून की व्यवस्थापनाच्या कोट्यातून? वसतिगृह नसेल तर स्वाधार योजना लागू होते काय? मुलांनी केलेले चित्रपट दाखवा, इमारत नको. किती मुलांमागे किती कॅमेरे? चित्रपटावर हक्क विद्यार्थ्याचा की संस्थेचा? गोंडी किंवा झाडीबोलीत चित्रपट केला तर तपासणार कोण? आणि दिग्दर्शनाबरोबर ध्वनी-संकलनही विचारात घे, असे सांगितले, कारण दिग्दर्शकाला काम मिळेपर्यंत त्याने जेवायचे काय? तो जरा हिरमुसला. दिग्दर्शक हा शब्द त्याच्या मनात फार दिवस बसलेला होता.

त्याने ते प्रश्न तिन्ही संस्थांना पाठवले. दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्यांनी फोन करून 'आधी जागा राखण्याची रक्कम भरा' असे सांगितले. तो हसत हसत माझ्याकडे आला, आणि पुण्याच्या प्रवेशपरीक्षेसाठी कोणते चित्रपट पाहावे लागतील त्याची यादी मागितली. यादी मी करतो आहे. 'आक्रोश' तिच्यात पहिला घातला आहे. दरम्यान त्याने त्या लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या मुलीकडून ध्वनिमुद्रणाचे यंत्र उसने घेतले. आईबरोबर पहाटे फळीवर जाऊन त्याने पाने मोजणाऱ्या बायांचा आवाज घेतला. मला ऐकवला. अर्धा तास आहे, आणि त्यात एकही बाई गप्प नाही.