कार्ड आहे, पुस्तक नाही

सक्करदऱ्यातील एका शाळेच्या संगणक कक्षात आम्ही बारावीच्या विद्यार्थ्यांबरोबर एक दुपार घालवली. एका मुलीने प्रात्यक्षिकाच्या वहीतील प्रोग्रॅम आम्हाला दाखवला. दोन संख्यांपैकी मोठी कोणती ते सांगणारा, जेमतेम दहा-बारा ओळींचा. शाळेच्या संगणकावर टर्बो सी++ मध्ये तो बिनतक्रार चालत होता. घरी भावाच्या लॅपटॉपवर मात्र नव्या कंपायलरने पहिल्याच ओळीला अडवले : 'आयओस्ट्रीम डॉट एच' नावाची फाइल सापडत नाही. मुलीने दोन संध्याकाळ स्वतःची चूक शोधण्यात घालवल्या. "सर, माझं लॉजिकच चुकलं असेल," ती म्हणाली.

तिचे लॉजिक अगदी बरोबर होते. चुकली होती ती वही, आणि त्या वहीमागची आपली शिकवण्याची रीत. हे परीक्षण त्या रीतीचे आहे.

आपली प्रात्यक्षिकाची वही उघडून पाहा. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर 'इन्क्ल्यूड' या शब्दाने सुरू होणाऱ्या दोन-तीन ओळी असतात. त्या का लिहायच्या, याचे स्पष्टीकरण बहुधा एका वाक्यात उरकलेले असते. मुले त्या ओळी पत्राच्या माथ्यावरील 'श्री'सारख्या लिहून टाकतात. जोवर चालते तोवर ठीक. पण संगणक बदलला की हीच ओळ आडवी येते आणि विद्यार्थ्याच्या हाती काहीच साधन नसते.

शाळेच्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. सूचीच्या खणात प्रत्येक पुस्तकाचे कार्ड असते. कार्डावर नाव, लेखक, क्रमांक असतो. पुस्तक स्वतः कपाटात असते. प्रोग्रॅममधील हेडर फाइल म्हणजे हे कार्ड. वर्गमूळ काढणारे फलन कोणत्या नावाचे आहे, त्याला काय द्यायचे व ते काय परत देईल, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. वर्गमूळ काढण्याचे प्रत्यक्ष काम लायब्ररीत, म्हणजे कपाटात असते. कंपायलर कार्डे तपासतो. लिंकर कपाटातून पुस्तक काढून प्रोग्रॅमला जोडतो. काही पुस्तके जोडलीच जात नाहीत, प्रोग्रॅम चालू होताना ती शेजारच्या खोलीतून मागवली जातात. तेव्हा 'सापडत नाही' ही तक्रार तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर येऊ शकते, आणि प्रत्येक टप्प्याचा उपाय निराळा.

टर्बो सीमधील चित्रांचा प्रोग्रॅम ज्यांनी करून पाहिला आहे त्यांना हे तिन्ही टप्पे ओळखीचे वाटतील. 'ग्राफिक्स डॉट एच' मिळाली नाही, तर 'ऑप्शन्स'मधील 'डिरेक्टरीज'मध्ये फोल्डरचा पत्ता चुकलेला असतो. ती मिळाली तरी लिंकर म्हणतो, 'इनिटग्राफ' या नावाचा पत्ता लागत नाही. कारण 'लिंकर' व 'लायब्ररीज' या यादीत ग्राफिक्स लायब्ररीपुढे खूण केलेली नसते. तीही केली, प्रोग्रॅम तयार झाला, आणि चालवताच पडद्यावर आले की चालक फाइल सापडली नाही; कारण 'इनिटग्राफ'ला दिलेल्या वाटेवर 'ईजीएव्हीजीए डॉट बीजीआय' ही फाइल नसते. एकाच प्रोग्रॅममध्ये कार्ड, कपाट आणि शेजारची खोली! या एका प्रयोगावर दोन तासिका सहज रंगतील. प्रत्यक्षात शिक्षक येऊन खूण करून देतात आणि पुढच्या बाकाकडे जातात.

लिनक्सवर याहून सोपा प्रयोग करता येतो. 'मॅथ डॉट एच' जोडून, वापरणाऱ्याकडून संख्या घेऊन तिचे वर्गमूळ काढणारा सी भाषेतील प्रोग्रॅम लिहा. जीसीसी कंपायलर कार्डाबद्दल काही बोलत नाही, पण लिंकर अडतो. गणिताची लायब्ररी तिथे वेगळी ठेवलेली आहे. आज्ञेच्या शेवटी '-एलएम' लिहून ती मागावी लागते. आता वापरणाऱ्याकडून संख्या न घेता थेट चारचे वर्गमूळ विचारा. बहुधा '-एलएम' न लिहिताही उत्तर मिळेल, कारण असे ठरावीक उत्तर कंपायलर स्वतःच काढून ठेवतो व लायब्ररीची गरजच उरत नाही. 'काल चालले, आज का नाही?' या प्रश्नाचे उत्तर देवावर न सोपवण्याचे शिक्षण येथे मिळते.

आता पुस्तकांकडे वळू. नागपूरचेच यशवंत कानेटकर यांचे 'लेट अस सी' हे पुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांनी वापरले. सोपी इंग्रजी, गप्पा मारल्यासारखी मांडणी आणि भरपूर उदाहरणे हे त्याचे गुण. पॉइंटरची भीती घालवणारे पुस्तक म्हणून त्याचे श्रेय मान्यच केले पाहिजे. त्याच्या जुन्या आवृत्त्या मात्र डॉस आणि टर्बो सीच्या घरात वाढलेल्या होत्या. पूर्णांकाला दोन बाइट हे त्या घरचे माप त्यांत भाषेचा नियम असल्यासारखे वाचले जाई. पुढच्या आवृत्त्यांत इतर कंपायलरांचीही दखल घेतली गेली, हे न्यायाने सांगायला हवे.

पुस्तक बदलले, प्रात्यक्षिकाची वही बदलली नाही. टर्बो सी++ ची ३.० ही आवृत्ती १९९१ मधली. सी++ चे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये ठरले आणि 'आयओस्ट्रीम'च्या नावातून 'डॉट एच' गेले. ६४ बिटांच्या विंडोजवर हा १६ बिटांचा जुना कंपायलर थेट चालत नाही. म्हणून अनेक ठिकाणी डॉसबॉक्समध्ये नकली डॉस उभे करून तो चालवला जातो. जुने यंत्र शिकण्यासाठी जपणे वाईट नव्हे. पण हे जुने आहे, बाहेर वेगळे आहे, हे मुलांना न सांगणे ही आमची मुख्य तक्रार आहे.

यावर वहीबाहेर रुळलेले उपाय तर अधिक घातक आहेत. पहिला, अडणारी ओळ खोडणे. दुसरा, सगळे काढून पुन्हा बसवणे. तिसरा, हरवलेली डीएलएल फाइल कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेणे. यात तर कपाटात पुस्तकाऐवजी काय येऊन बसेल याचा नेम नाही.

हा विषय फक्त शाळेपुरता नाही. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचे एक चिमुकले जावास्क्रिप्ट पॅकेज त्याच्या लेखकाने वादातून एनपीएम या सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. अक्षरमालेच्या डावीकडे मोकळी जागा भरण्याचे काम ते करी; मजकूर अकरा ओळींचा. पण असंख्य प्रकल्प थेट किंवा दुसऱ्यांच्या मार्फत त्याच्यावर टेकलेले होते. जगभर त्यांची बांधणी अडली आणि भांडाराच्या चालकांना काही तासांतच ते परत ठेवावे लागले. आपण कोणाच्या कपाटावर अवलंबून आहोत हे कित्येक अनुभवी मंडळींनाही त्या दिवशीच कळले.

म्हणून आमच्या सूचना दोन. वहीतील प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी कंपायलरचे नाव, त्याची आवृत्ती आणि लागणाऱ्या लायब्ररींची यादी लिहून घ्यावी. रसायनशास्त्राच्या प्रयोगात 'साहित्य' लिहितो तसेच. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रोग्रॅम मुद्दाम मोडलेला द्यावा. कोठे हेडरचे नाव चुकवावे, कोठे लायब्ररीची खूण काढावी, कोठे चालक फाइल दुसरीकडे हलवावी. तक्रार कोण करतो आहे, कंपायलर, लिंकर की चालू झालेला प्रोग्रॅम, हे ओळखण्याला गुण द्यावेत. दुरुस्ती जमली नाही तरी निदानाचे गुण कापू नयेत.

त्या मुलीबरोबर आम्ही हेच केले. 'डॉट एच' काढताच पहिली तक्रार थांबली आणि 'सीआउट' माहीत नसल्याची दुसरी आली. 'युजिंग नेमस्पेस एसटीडी' लिहिल्यावर तीही गेली. पडदा पुसणारे 'सीएलआरएससीआर' अजून अडत होते. त्या नव्या कंपायलरकडे 'कोनिओ डॉट एच' होती, पण तिच्यात हे नावच नव्हते, म्हणजे खण होता आणि हे एक कार्ड नव्हते. मोठी संख्या शोधायला पडदा पुसण्याची गरज नसते, हे तिचे तिनेच सांगितले आणि ती ओळ काढली. 'व्हॉइड मेन'चे 'इंट मेन' करावे लागले. तो मात्र लायब्ररीचा नव्हे, भाषेचा नियम, हेही तिने वेगळे नोंदवले.

प्रोग्रॅम चालला. तुलनेच्या ओळीत एका अक्षराचाही बदल करावा लागला नव्हता. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि मग वहीच्या समासात पेन्सिलीने कंपायलरचे नाव लिहिले.