गव्हाचा तांबेरा आणि जनुकचिन्हांची साक्ष

तांबेऱ्यास दाद न देणारे गव्हाचे वाण निर्माण करण्याच्या कामी जनुकचिन्हांचा उपयोग आता सर्वमान्य झाला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही हा मार्ग अवलंबिला आहे. या पद्धतीचे गुण वादातीत होत. इष्ट जनुकाच्या निकट असणारा डी.एन.ए.चा खंड कोवळ्या रोपातच ओळखता येतो; रोग पडण्याची वाट पाहावी लागत नाही. दोन-तीन प्रतिकारक जनुके एकाच रोपात एकत्र आली आहेत किंवा नाहीत, हे केवळ रोगलक्षणांवरून सहसा कळत नाही. चिन्हांवरून ते कळते. प्रश्न आहे तो या साक्षीचे मोल किती, हा.

चिन्ह जनुकाचे अस्तित्व सांगते, सामर्थ्य नव्हे. आपल्याकडील खपली गव्हाचेच उदाहरण घ्यावे. काळ्या तांबेऱ्याचे प्रभेद ओळखण्यासाठी स्टॅकमन व लेव्हाइन यांनी १९२२ साली जे बारा वाण निश्चित केले, त्यांत खपलीचा समावेश होता. तिच्यातील एस्आर-१३ या जनुकाची रचना २०१७ साली उलगडली. परंतु हे जनुक उबदार हवेत जितके प्रभावी असते, तितके थंड हवेत नसते. दुसरे उदाहरण राय धान्यातून गव्हात आलेल्या एस्आर-३१ चे. अनेक देशांतील वाणांचा तो आधार होता. १९९८ साली युगांडात त्यास न जुमानणारा प्रभेद आढळला. जनुक ढळले नव्हते, त्याचे चिन्हही ढळले नव्हते; बदलली होती ती बुरशी.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा आक्षेप केवळ तात्त्विक नाही. मैदानातील उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू तग धरीत नाहीत. दक्षिणेत ते निलगिरी व पळणीच्या डोंगरांत टिकतात व तेथून वाऱ्याबरोबर उत्तरेकडे पसरतात, हे के. सी. मेहता यांनी दाखवून दिले. शिरूर तालुक्यातील निमोणे येथील रब्बीचा गहू याच वाटेवर उभा आहे. कर्नाटकापासून येथपर्यंत सर्वत्र एकाच जनुकावर विसंबलेला वाण पेरला गेला, तर बुरशीत झालेला एक बदल सारी वाट मोकळी करून देईल. त्या वेळी निमोण्याच्या शेतकऱ्यास प्रयोगशाळेतील साक्षीचा काहीच उपयोग होणार नाही.

यावर एल्आर-३४ सारख्या जनुकांचा मार्ग सुचविला जातो, व तो योग्यही आहे. हे जनुक रोग पूर्णतः रोखत नाही, प्रौढ झाडात त्याची वाढ मंदावते. म्हणूनच ते दीर्घकाळ टिकले. पण एकट्याने त्याचे संरक्षण अपुरे पडते. अन्य जनुकांची जोड त्यास द्यावीच लागते. अशी जोड जुळविणे, हेच चिन्हांचे खरे कार्यक्षेत्र होय.

सारांश, चिन्हाने निवड करावी, निवाडा करू नये. निवाड्याचे स्थान महाबळेश्वरच्या तांबेरा संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी, जेथे हवाच रोगास अनुकूल आहे, आणि त्यानंतर निमोण्यासारख्या गावांच्या शेतांत आहे. या चाचण्यांचे वर्ष वाचविण्यासाठी चिन्हांचा आधार घेतला, तर वाचलेल्या वर्षाची किंमत शेतकऱ्यास मोजावी लागेल.