पसंतीची नोंद आणि किल्लीचा प्रश्न

मोबाइल अ‍ॅपांच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली म्हणजे पैसा, संदेश आणि संकेतशब्द ह्यांचा विचार प्रथम होतो, आणि तो स्वाभाविकही आहे. परंतु प्रत्येक अ‍ॅपाच्या पोटात ह्यांहून लहान अशी एक वही असते. वापरणाऱ्याने अक्षरांचा आकार कोणता निवडला, भाषा मराठी ठेवली की इंग्रजी, सूचना किती वाजता याव्यात असे सांगितले, शेवटी कोणते शहर शोधले, अशा बारीकसारीक निवडी तीत टिपलेल्या असतात. ह्या नोंदी सुट्या पाहिल्या तर निरुपद्रवी वाटतात; एकत्र वाचल्या की माणसाची दिनचर्या, त्याची श्रद्धा, त्याचे आजारपण आणि त्याचा मुलूख ह्यांचा सुगावा लागतो. औषधाची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपात सकाळी आठ व रात्री नऊ एवढ्या दोनच वेळा लिहिलेल्या असल्या, तरी त्या वेळांमागे एक व्याधी उभी असते. म्हणूनच ह्या वहीचे रक्षण कसे होते हा प्रश्न गौण मानता येत नाही.

अँड्रॉइड ह्या प्रणालीत अशा नोंदींसाठी ‘शेअर्ड प्रेफरन्सेस’ ही सोय आरंभापासून आहे. नाव आणि मूल्य अशा जोड्या एक्स्‌एम्‌एल पद्धतीच्या साध्या मजकूर-फायलीत लिहिल्या जातात, व ती फाइल अ‍ॅपाच्या खाजगी कप्प्यात ठेवली जाते. एका अ‍ॅपाने दुसऱ्याचा कप्पा उघडू नये ह्याची जबाबदारी प्रणालीची असते. पूर्वी अ‍ॅप लिहिणारा आपण होऊन ही फाइल सर्वांस वाचनीय करू शकत असे. ती मुभा २०१२ मधील ४.२ ह्या आवृत्तीत त्याज्य ठरविण्यात आली, आणि २०१६ मधील ७.० ह्या आवृत्तीस अनुसरून लिहिलेल्या अ‍ॅपांच्या बाबतीत प्रणालीच असा प्रयत्न हाणून पाडते. ह्यामुळे दार बंद झाले. आतील वही मात्र साध्या अक्षरांतच राहिली. ती उणीव भरून काढण्यासाठी गूगलने २०१९ मध्ये ‘जेटपॅक सिक्युरिटी’ ह्या संग्रहात ‘एन्क्रिप्टेड शेअर्ड प्रेफरन्सेस’ हे साधन पुढे आणले. त्याची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ मध्ये निघाली, आणि २०२५ मध्ये ते सर्वच्या सर्व त्याज्य म्हणून घोषित झाले. सहा वर्षांच्या आत ज्याची शिफारस झाली आणि ज्याचा त्यागही झाला, अशा ह्या साधनाचे गुणदोष तपासून पाहणे उद्‌बोधक आहे. एन्क्रिप्शनकडून, म्हणजेच कूटलेखनाकडून, काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे त्यातून स्पष्ट होते.

प्रथम रचनेचा विचार करू. ह्या साधनात नोंदीचे नाव आणि तिचे मूल्य ही दोन्ही कूटरूपात लिहिली जातात. परंतु दोहोंची पद्धत एक नाही. मूल्यासाठी एईएस ह्या सांकेतिक पद्धतीचा जीसीएम हा प्रकार योजिलेला आहे. त्यात तेच मूल्य दुसऱ्यांदा लिहिले तरी कूटरूप निराळे येते. नावासाठी मात्र एसआयव्ही हा प्रकार निवडलेला आहे, व त्यात एका नावाचे कूटरूप नेहमी तेच येते. हा भेद अटळ आहे. नावाचे रूप प्रत्येक वेळी बदलू लागले, तर हवी ती नोंद शोधण्यासाठी संपूर्ण वही उलगडावी लागेल. शिवाय मूल्य हे आपल्या नावाशी अशा रीतीने बांधलेले असते, की एका नोंदीचे कूटरूप उचलून दुसरीच्या जागी चिकटविता येत नाही. एवढे करूनही फायलीत नोंदी किती आहेत व त्या साधारण किती लांबीच्या आहेत, हे पाहणाऱ्यास कळतेच. रचनाकारांनी सोय आणि गुप्तता ह्यांत केलेली ही तडजोड समंजस म्हणावी लागेल.

ह्या रचनेचा खरा गुण मात्र वेगळाच आहे. अ‍ॅप लिहिणाऱ्या सामान्य लेखकास तिने कूटलेखनातील निवडींपासून मुक्त केले. ही मुक्ती किती आवश्यक होती, हे मॅन्युएल एगेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनावरून दिसते. कूटलेखनाची साधने वापरणारी ११,७४८ अँड्रॉइड अ‍ॅपे त्यांनी तपासली. त्यांपैकी १०,३२७ अ‍ॅपांत, म्हणजे शेकडा ८८ ठिकाणी, निदान एक तरी मूलभूत चूक आढळली. कोणी किल्ली अ‍ॅपाच्या मजकुरातच लिहून ठेविली होती, तर कोणी सारख्या मजकुराचे सारखेच कूटरूप देणारी ईसीबी ही सदोष पद्धत स्वीकारली होती. ह्यांच्या जोडीला आणखी एक जुना भ्रम आहे. बेस-६४ सारख्या केवळ लिप्यंतरालाच कित्येक लेखक कूटलेखन समजतात. मोडीतील कागद आज पुष्कळांस वाचता येत नाही, म्हणून तो गुप्त ठरत नाही. मोडी जाणणारा भेटला की तो बोलू लागतो. बेस-६४ ची गोष्ट ह्याहून निराळी नाही. जेथे इतक्या लोकांची पावले चुकतात, तेथे योग्य निवडी आधीच करून ठेवलेले साधन हाती देणे ही मोठीच सेवा होय.

दुसरा गुण कमी चर्चिला गेला आहे. जीसीएम ही पद्धत मजकूर झाकते, आणि त्यात कोणी ढवळाढवळ केली असल्यास तेही उघड करते. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-संशोधकांनी ‘डर्टी स्ट्रीम’ ह्या नावाने एका दोषप्रकाराकडे लक्ष वेधले. दुसऱ्या अ‍ॅपाकडून फाइल स्वीकारताना तिने सुचविलेल्या नावावर अ‍ॅपाने अंधविश्वास ठेवला, तर पाठविणारा त्याच्या खाजगी कप्प्यातील फाइल बदलू शकतो. पसंतीची वहीही त्यातून सुटत नाही. त्या वहीत सेवेचा पत्ता लिहिलेला असेल, तर अ‍ॅप परक्याच्या सेवेशी बोलू लागेल. अशा वेळी वाचणाऱ्यापेक्षा लिहिणारा शत्रू अधिक धोक्याचा असतो. कूटरूप वहीत त्याला खरा ठरेल असा मजकूर रचता येत नाही. फार तर तो वही निकामी करू शकतो.

आता मुख्य आक्षेपाकडे वळले पाहिजे. कूटलेखनाने गुपित नाहीसे होत नाही. ते मजकुरातून निघून किल्लीत जाऊन बसते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स ह्यांनी १८८३ मध्येच असा दंडक घालून दिला होता, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी व्यवस्था अबाधित राहावी. साऱ्या गुप्ततेचा भार किल्लीवर असावा. तेव्हा कोणत्याही साधनाची परीक्षा करताना किल्ली कोठे ठेवली आहे हा पहिला प्रश्न विचारावा लागतो. तो न विचारल्यास काय होते, हे संदेशांच्या क्षेत्रात २०१४ मध्ये दिसून आले. व्हॉट्सअ‍ॅपच्या तत्कालीन बॅकअप-फायलींच्या एका प्रकारास लावलेली किल्ली सर्व फोनांत एकच असल्याचे त्या वर्षी सर्वज्ञात झाले. पद्धत एईएस होती, तिच्यात खोट नव्हती. परंतु एका किल्लीने सर्वांची कुलपे उघडत असल्यावर कुलपाच्या भक्कमपणाला काय अर्थ उरतो?

प्रस्तुत साधनाचे ह्या प्रश्नास दिलेले उत्तर चांगले आहे. नोंदींच्या किल्ल्या वहीतच ठेवलेल्या असतात, पण त्या स्वतः कूटरूपात. त्यांची मुख्य किल्ली अँड्रॉइडच्या ‘की-स्टोअर’मध्ये असते. पुष्कळ फोनांत ही कोठी संरक्षित यंत्रभागाच्या आधारे चालते, आणि किल्ली तेथून बाहेर येतच नाही. काम आत पाठवावे, उत्तर बाहेर घ्यावे, अशी पद्धत आहे. येथपर्यंत सारे योग्य. परंतु पुढचा प्रश्न असा, की ही कोठी कोणाच्या सांगण्यावरून काम करते? ती अ‍ॅपाच्या सांगण्यावरून करते. ज्याने फोनवर पूर्ण ताबा मिळविला आहे, तो किल्ली चोरीत नाही. अ‍ॅपाचा वेष घेऊन कोठीकडून मजकूर उलगडून घेतो. दर वेळी बोटाचा ठसा वा संकेतांक मागण्याची अट किल्लीला घातली तर ह्याला बराच आळा बसतो, पण अक्षरांचा आकार वाचण्यासाठी कोणी बोट टेकवीत बसणार नाही. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या’ ही म्हण येथे किंचित बदलून घ्यावी लागते: किल्ल्या जामदाराकडेच आहेत, पण तो हुकूम देणाऱ्याचा चेहरा पाहत नाही.

उलट बाजूस, फोन बंद अवस्थेत चोरीस गेला तर ह्या साधनावाचूनही रक्षण होतेच. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कूटरूपात ठेवण्याची व्यवस्था अँड्रॉइडच्या ७.० आवृत्तीत आली, आणि २०१९ मधील १० व्या आवृत्तीसह निघणाऱ्या नव्या फोनांसाठी ती अनिवार्य झाली. म्हणजे बलाढ्य शत्रूपुढे हे साधन अपुरे, आणि दुबळ्यापुढे अनावश्यक. मधला प्रदेश तेवढा उरतो: कप्प्यातील फाइल एखाद्या दोषामुळे बाहेर पडणे, तिची नक्कल बॅकअपात जाणे, ती परक्याने बदलणे. हा प्रदेश अरुंद असला तरी काल्पनिक नाही. मात्र साधनाच्या नावातून वाचकाची जी समजूत होते, ती ह्याहून पुष्कळ व्यापक असते. साधन कोणापासून रक्षण करते हे ठळकपणे न सांगणे हा त्याचा पहिला दोष होय.

दुसरा दोष अधिक जाचक ठरला. किल्ली फोनाबाहेर जात नाही हा जो गुण, तोच किल्ली हरवण्याच्या प्रसंगी दोष बनतो. २०१५ मधील ६.० आवृत्तीपासून अँड्रॉइड अ‍ॅपांच्या फायलींची नक्कल आपोआप जपून ठेवते, व पसंतीच्या वह्या तीत मूळ योजनेनुसारच समाविष्ट असतात. नवा फोन घेतला की वही परत येते. किल्ली मात्र जुन्या फोनातच राहिलेली असते. उलगडता न येणारी वही पाहून अ‍ॅप उघडताक्षणीच कोलमडते. ही फाइल बॅकअपातून वगळावी अशी सूचना अधिकृत दस्तऐवजात होती हे खरे. पण जो अपघात सर्वसाधारण मार्गावरच घडतो, त्याचा इशारा टीपेत देऊन भागत नाही. अ‍ॅपलच्या ‘कीचेन’मध्ये प्रत्येक गुपित ठेवताना ते केवळ ह्याच फोनापुरते असावे काय, हे ठरविण्याची जागा ठेवलेली आहे. हरवण्याचा विचार तेथे ठेवण्याच्या क्षणीच होऊ शकतो. अँड्रॉइडच्या साधनाने तो पुढे ढकलला, आणि त्याची किंमत अखेर वापरणाऱ्याने मोजली.

ह्या पार्श्वभूमीवर २०२५ मधील त्यागाचे मूल्यमापन केले पाहिजे. प्रणालीत उपलब्ध असलेल्या सोयी आणि प्रत्यक्ष की-स्टोअर ह्यांचा वापर करावा, असा ह्या निर्णयाचा रोख आहे. तर्काच्या दृष्टीने त्यात चूक नाही. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ काय होतो? निवडींचा भार पुन्हा सामान्य लेखकाच्या शिरावर येतो, आणि तो भार पेलताना काय घडते हे २०१३ च्या आकड्यांनी दाखविलेच आहे. सदोष पूल पाडणे समर्थनीय असले, तरी नदी ओलांडणाऱ्यांची संख्या त्यामुळे घटत नाही. जुने साधन टाकून देताना त्याने कोणत्या शत्रूपुढे काय साधले व काय नाही, ह्याचा स्पष्ट हिशेब मांडला गेला असता, तर तो पुढील रचनांना साधनाइतकाच उपयोगी पडला असता.

ह्याहून मूलगामी असा एक मुद्दा राहतो. जी नोंद केलीच नाही, तिला किल्ली लागत नाही. २०१४ च्या आरंभी स्टारबक्सच्या आयफोनवरील अ‍ॅपात ग्राहकांचे संकेतशब्द साध्या अक्षरांत आढळले, ते बिघाडांची टिपणे ठेवणाऱ्या फायलीत. एका वहीला कुलूप घालून दुसरीत तेच गुपित उतरवून ठेवले, तर कुलपाचा उपयोग शून्य. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झालेले त्याचे नियम ह्यांनी सुरक्षेच्या वाजवी उपायांची सक्ती केली असून नियमांत कूटलेखनाचा नामनिर्देशही आहे. अशा उपायांतील कसुरीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ह्या धाकाने पुष्कळ अ‍ॅपांत कूटलेखन येईल. पण त्याच कायद्याने संमतीची व्याप्ती हेतूस आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित केली आहे, ह्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक. कुलूप दाखविता येते. न ठेवलेली वस्तू दाखविता येत नाही.

तेव्हा पसंतीच्या नोंदींचे रक्षण करणाऱ्या कोणत्याही रचनेस चार प्रश्न क्रमाने विचारावेत: ही नोंद हवीच आहे काय, रक्षण कोणापासून करावयाचे, किल्ली कोठे राहणार, आणि ती हरवली तर वापरणाऱ्याचे काय होणार. एन्क्रिप्टेड शेअर्ड प्रेफरन्सेस ह्या साधनाने तिसऱ्या प्रश्नास उत्तम उत्तर दिले, दुसऱ्यास अर्धवट दिले, चौथा टीपेत टाकला. पहिला विचारणे त्याच्या हाती नव्हते, ते अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या हाती होते व आहे. औषधाच्या दोन वेळा लिहून ठेवणाऱ्या माणसास ह्यांतील एकही प्रश्न ठाऊक नसतो. तो विश्वासाने लिहितो, आणि त्याच्या वतीने हे चारही प्रश्न विचारण्याचे दायित्व लिहून घेणाऱ्यावर पडते.